कोंबड्यांच्या पायातले वाळे

आमच्या पाड्यावर कुणी नवखा माणूस आला की त्याची नजर आधी कोंबड्यांच्या पायांवर जाते. मग तो विचारतो, "यांच्या पायात हे रंगीत काय घातलंय?" ज्या बाईच्या दारात तो उभा असेल ती हातातलं काम टाकते आणि त्याला सगळी हकीकत ऐकवते. प्रत्येकीची हकीकत जराशी वेगळी असते आणि प्रत्येकीच्या हकीकतीत ती स्वतः जरा जास्तच पुढे असते. ही माझी.

मी अंगणवाडी सेविका. आमचा पाडा नवापूर तालुक्यात, गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या डोंगरात आहे. चौदा घरं. काही घरं देव पूजणारी, काही रविवारी प्रार्थनेला जाणारी. भात आणि तूर मात्र सगळ्यांची सारखी, आणि शेतातलं काम सरलं की हद्दीपलीकडे मजुरीला जाणंही सारखं. घरात आम्ही मावची बोलतो. पण मी वाढले खाली, तापीच्या पट्ट्यात, कळसाडीला. वडील तिथे एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालदार होते. त्यामुळे अहिराणी मला घरच्या बोलीइतकीच येते. लग्न होऊन आले तेव्हा सासू सगळ्यांना सांगायची, "या सुनेशी भांडायचं कसं? ही भांडता भांडता भाषाच बदलते." पाड्यावरची बोलणी इथे मी साध्या मराठीत लिहिते आहे, सगळ्यांना कळावीत म्हणून.

आमच्याकडे शेत पुरुषाच्या नावावर असतं, बैल पुरुषाचे असतात. कोंबडी बाईची. पाहुणा आला, बाळंतीण घरी आली, लेकराला वही हवी झाली, तर बाई खुराड्याकडे बघते. आठवडे बाजाराला निघताना काखेत एक कोंबडी असली की नवऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही. म्हणून ज्या उन्हाळ्यात मानमोडी आली त्या उन्हाळ्यात आमच्या पाड्यावरची एकही बाई धड जेवली नाही.

मानमोडी ज्याने पाहिली नाही त्याला सांगून कळणार नाही. सकाळी कोंबडी पंख पाडून उभी असते, झोप लागल्यासारखी. दुपारी हिरवट-पांढरं हगते. मग तिची मान एका बाजूला वळायला लागते, इतकी की चोच पाठीला लागते, आणि ती उलटी चालते. दाणे समोर असतात आणि ती त्यांच्यापासून लांब लांब जात राहते. आठवडाभरात माझ्या सासूच्या सतरा कोंबड्यांपैकी दोन उरल्या. कुंपणापलीकडच्या काकीकडे एक कोंबडा तेवढा राहिला. काकी म्हणजे आमच्या नात्यातली नव्हे. म्हातारी, एकटी, पण पाड्यावर सगळ्यांत जास्त कोंबड्या तिच्या. तिला मूलबाळ नाही. ती कोंबड्यांशी बोलायची, त्यांना नावं द्यायची, आणि त्या तिच्या मागे अंगणभर फिरायच्या.

सगळ्यांना जास्त लागलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. त्या आधीच्या हिवाळ्यात आमच्या कोंबड्यांना मानमोडीची लस दिली होती.

"लस टोचली म्हणूनच मेल्या," काकी हातपंपावर सगळ्यांच्या देखत म्हणाली. "मी वाढवल्या आणि सुईने मारल्या. आता त्या डॉक्टरला पाड्यात पाय ठेवू देऊ नका."

मी बादली खाली ठेवून विचारलं, "काकी, मेल्या त्यांच्यात टोचलेल्या किती होत्या?"

"सगळ्या!"

"तुम्ही बघितलं होतं सगळ्यांना टोचताना?"

काकीने हंडा पंपाखाली सरकवला. मला तो लसीचा दिवस चांगला आठवत होता. डॉक्टर अकरा वाजता आले होते. कोंबड्या तोवर पळसाच्या झुडपांत, ओढ्यात, कुणाच्या तरी तुरीत पांगलेल्या. हाताला लागल्या तेवढ्या धरल्या. एखादीला दोनदा टोचलं असेल, एखादी सबंध सकाळ ओढ्यातच राहिली असेल. टोचलेली कोण आणि राहिलेली कोण, हे त्या दिवशी संध्याकाळी खुराडं लावताना कुणीही सांगू शकलं नसतं.

डॉक्टर म्हणजे आमच्या भागाचे पशुधन पर्यवेक्षक. शहाद्याकडचे, बारीक अंगाचे, मोटारसायकलला मागे बर्फाची पेटी बांधून डोंगर चढणारे. पाड्यावरच्या लोकांशी ते ऑफिसातलं मराठी बोलायचे. माझं माहेर कळल्यापासून माझ्याशी मात्र थेट अहिराणी. त्यांना रस्त्यात गाठून मी म्हटलं, "डॉक्टर, लस खोटी होती का?"

त्यांना फार लागलं ते. गाडी बंद करून म्हणाले, "ताई, लस खरी शे. बाटली फोडी का दोन तासमा संपाडनी पडस, ते बी मी करस. पन कोनती कोंबडी टोचेल शे, कोनती नही, ते माले कसं समजी? तुम्हले तरी समजस का?"

"नाही समजत."

"मंग? ज्या राही ग्यात त्या मरन्यात, आनि नाव मन्हं खराब व्हयनं."

हे बोलणं माझ्या डोक्यात राहिलं. पुढे पोलिओचा रविवार आला. अंगणवाडीत मी दर वेळेसारखी बसले होते, मुलांच्या तोंडात दोन थेंब आणि डाव्या करंगळीच्या नखावर जांभळी खूण. एक आई आपल्या मुलाला दुसऱ्यांदा घेऊन आली. मी त्याची करंगळी बघितली आणि म्हटलं, "याला झालंय." ती हसून निघून गेली. मी तशीच मार्कर हातात धरून बसले. पाड्यावरच्या सगळ्या मुलांची मी नखावरून खात्री देऊ शकत होते.

घरी आल्यावर उरलेल्या शाईने सासूच्या दोन्ही कोंबड्यांची आणि जावेच्या एका पिल्लाची नखं रंगवली. सासूने कपाळाला हात लावला. "आता कोंबड्यांनाही नखं रंगवायची का?" तिसऱ्या दिवशी शाईचा मागमूस नव्हता. कोंबडी दिवसभर माती उकरते, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. मग पायात लुगड्याच्या चिंध्या बांधून पाहिल्या. एकीने चोचीने टोचून टोचून गाठ सोडली, दुसरी काट्याला अडकून ओरडत बसली. जाऊ म्हणाली, "राहू दे, देवाने त्यांना हात दिले नाहीत म्हणून तू वाचलीस."

त्यानंतर चुलतबहिणीच्या लग्नाला मी कळसाडीला गेले. माझा भाऊ आता त्याच शेतकऱ्याकडे कामाला आहे. त्याला भेटायला शेतात गेले तर बांधावर ठिबकच्या फाटक्या नळ्यांचा ढीग पडलेला, कापसातून काढलेल्या. मी एक तुकडा उचलला. करंगळी आत घातली. मग अंगठा घातला. कोंबडीचा पाय केवढा असतो ते माझ्या हाताला पाठ होतं.

"दादा, हाई मी लई जाऊ का?"

"ले ना. कितली पाहिजे?"

"बठ्ठी."

सगळीच मागितली म्हणून त्याला वाटलं मी चेष्टा करते आहे. लग्नाहून परत येताना बाकीच्या बायकांच्या पिशव्यांत लाडू होते आणि माझ्या डोक्यावर नळ्यांचं भेंडोळं. जीपवाल्याने मला टपावर बसवलं नाही एवढंच, भेंडोळं टपावर बसवलं.

नळीचे बोटभर रुंदीचे तुकडे करायचे, एका बाजूने उभी चीर द्यायची. चीर ताणली की वळं उघडतं आणि कोंबडीच्या पायात घातलं की आपोआप मिटतं. नळी काळी, म्हणून तिच्यावर वायरमन वापरतात ती रंगीत चिकटपट्टी गुंडाळली. पहिल्या खेपेला हिरवी. सासूने पहिलं वळं हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि म्हणाली, "हा तर वाळा झाला." तेव्हापासून नाव वाळाच पडलं.

मुलांची वजनं घ्यायच्या दिवशी सगळ्या आया अंगणवाडीत येतात. त्या दिवशी मी वाळे मांडून ठेवले आणि सांगितलं, "ज्या कोंबडीला लस मिळेल तिच्याच पायात वाळा. ज्या दिवशी लस, त्याच दिवशी वाळा, डॉक्टरच्या समोर. मग उन्हाळ्यात काय होतं ते आपल्याच डोळ्यांनी बघू. लस खोटी असली तर वाळेवाल्याही मरतील आणि मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

"आणि देवाच्या कोंबड्याचं काय?" माझ्या सासूनेच विचारलं. तिने एक कोंबडा देवाला बोललेला होता. त्याच्या अंगावर माणसाचं काही बांधायचं नसतं.

"त्याला लस देऊ, वाळा नको. पाड्यात बिनवाळ्याचा तो एकटाच राहिला तर लांबूनसुद्धा ओळखू येईल."

सासू यावर खूश झाली आणि बाकीच्याही हसल्या. प्रार्थनेला जाणाऱ्या घरांतल्या बायकांना नाताळाच्या आत कोंबड्या वाढवायच्या होत्या, त्या लगेच तयार झाल्या. काकी मात्र वजनकाट्याशेजारी उभी होती. तोवर इकडून तिकडून अंडी उबवून तिने पुन्हा अंगण भरत आणलं होतं.

"ही बेडी आहे," ती म्हणाली. "माझी एकही कोंबडी बेडीत जाणार नाही." आणि निघून गेली.

लसीच्या सकाळी डॉक्टर उजाडायला आले. आम्ही आदल्या संध्याकाळपासून एकही खुराडं उघडलं नव्हतं. ज्या झाडावर बसतात त्यांना बायकांनी फटफटायच्या आत खाली काढून डालग्यांखाली झाकलं होतं. डॉक्टरांनी बर्फाच्या पेटीतून बाटली काढली आणि घराघराने सुरू केलं. लहान पिल्लांच्या डोळ्यांत थेंब, मोठ्यांना पंखाखाली सुई. माझ्या जावेने धरायचं, त्यांनी टोचायचं, मी वाळा घालायचा. ऊन अंगणात येईपर्यंत आमचं काम संपलं होतं. डालगी उचलली तेव्हा हिरव्या पायांच्या कोंबड्या सगळ्या उतारावर पसरल्या. डॉक्टर चहा घेताना नुसते त्यांच्याकडे बघत होते.

दुपारी कुंपणापाशी आरडाओरडा. काकी विळा हातात घेऊन उभी. "कुणी घातली? माझ्या कोंबडीला बेडी कुणी घातली?"

तिची एक उघड्या मानेची काळी कोंबडी होती, मोठी नाठाळ. ती काकीच्या खुराड्यात न जाता अधूनमधून आमच्या जांभळीवर निजायची. पहाटेच्या गडबडीत जावेने जांभळीवरच्या सगळ्या खाली ओढल्या, त्यांत तीही आली. टोचून झाली, वाळा घालून झाला, आणि उजाडल्यावर आपली ऐटीत घरी गेली.

"काकी, चुकून झालं," मी म्हटलं. "धरून आणा, मी काढून देते."

"मीच कापते." पण धरणार कशी? तीन दिवस काकी विळा घेऊन तिच्या मागे धावली. कोंबडी कौलांवर चढायची, तिथून वाकून बघायची. चौथ्या दिवशी काकीने नाद सोडला. "मर तिकडे," असं तिला म्हणाली आणि आमच्याशी बोलणं टाकलं.

त्यानंतरचा महिना माझ्यासाठी चांगला गेला नाही. एका सकाळी काकीच समोरच्या घरातली एक तलंग, अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, उचलून हातपंपावर घेऊन आली. तिचा पाय वाळ्याच्या वर आणि खाली सुजून जांभळा पडलेला. "बघा," ती सगळ्यांना म्हणाली, "बेडी म्हटलं होतं ना मी?"

मला मान वर करता येईना. तलंग वाढत होती, तिचा पाय जाड होत गेला आणि माझा वाळा तेवढाच राहिला. मी तिथेच बसून तो कापला. पायाला हळद लावली. घरोघर जाऊन त्या दिवशी प्रत्येक कोंबडीचा पाय हातात घेऊन बघितला आणि आणखी नऊ जणींचे वाळे बदलले. एका बाईने मला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. कोंबडी बाहेर आणून दिली आणि तोंड फिरवून उभी राहिली. तेव्हापासून नियम केला. वाळा पायावर गरगर फिरला पाहिजे, आणि दर रविवारी प्रत्येकीने आपापल्या कोंबडीचा वाळा फिरवून बघायचा. दोन रविवार मी स्वतः फिरले. तिसऱ्या रविवारी मी जायच्या आधीच बायकांनी बघून ठेवलं होतं. आणि त्या तलंगीचा पाय बरा झाल्यावर तिच्या मालकिणीने स्वतः येऊन विचारलं, "आता मोठा वाळा कधी घालणार?" त्या प्रश्नाने मला केवढं बळ दिलं ते तिला माहीत नाही.

मोह वेचायचे दिवस आले आणि नदीपलीकडच्या गावात मानमोडी आल्याची बातमी बाजारातून आली. मी त्याच पावली डॉक्टरांना फोन केला.

"तुम्हनाकडे आजारी शे का एखादी?" त्यांनी पहिलं हे विचारलं.

"नाही."

"मंग सकायले येस. नवीन पिल्लं काढी ठेवा."

आणि इथे वाळ्यांनी पहिल्यांदा आपली किंमत दाखवली. हिवाळ्यानंतर निघालेली पिल्लं आता मोठी झाली होती आणि कळपात मिसळून गेली होती. पण त्यांच्या पायात काही नव्हतं. मी बायकांना एवढंच सांगितलं, "बिनवाळ्याच्या तेवढ्या धरा." शोधाशोध नाही, वाद नाही, एकीलाही दोनदा सुई नाही. या खेपेला पिवळे वाळे घातले. बाजारातून नवी कोंबडी पाड्यात आणायची नाही असं सगळ्यांनी ठरवलं. मी कुंपणापाशी जाऊन काकीला हाक मारली. "काकी, अजून लस उरली आहे."

तिने आतून दार लावून घेतलं.

वीसेक दिवस काही झालं नाही. मग एका सकाळी मी अंगण झाडत होते आणि काकी कुंपणापाशी येऊन उभी राहिली. हातात काही नव्हतं. कितीतरी दिवसांनी ती माझ्याशी बोलली.

"पोरी, जरा ये."

मी गेले. तिच्या पडवीत पाच कोंबड्या आडव्या पडल्या होत्या. एक अंगणाच्या मधोमध मान पाठीला लावून गोल गोल फिरत होती. डॉक्टर आले तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितलं की आता टोचून उपयोग नाही. चार दिवसांत काकीचं खुराडं रिकामं झालं. मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकायच्या नाहीत म्हणून मी आणि जावेने लांब खड्डा खणला, चुना टाकला आणि पुरल्या. काकी खड्ड्याच्या काठावर बसून एकेकीचं नाव घेत होती.

आम्ही परत आलो तेव्हा तिच्या चुलीच्या राखेत काहीतरी खुडबुडलं. उघड्या मानेची काळी. राख उडवत मजेत लोळत होती. उठली, पिसं झाडली आणि आमच्या पायांशी येऊन दाणे मागायला लागली.

काकी तिच्याकडे बघत राहिली. "ही कशी राहिली?"

मी काळीपुढे मूठभर दाणे टाकले.

"त्यांच्यातच होती ही. मरी लागल्यापासून रोज इथेच निजली. एकाच कुंडीतलं पाणी प्यायल्या सगळ्या." काकी हळूच खाली बसली. आयुष्यात पहिल्यांदाच ती कोंबडी पळाली नाही. काकीने तिला मांडीवर घेतलं आणि तिचा पाय पुढे ओढला. राखेने माखलेला वाळा तिने अंगठ्याने पुसला. खालून हिरवा रंग वर आला.

कितीतरी वेळ ती तो वाळा पायावर नुसता फिरवत होती. मग म्हणाली, "तीन दिवस मी विळा घेऊन हिच्या मागे धावले."

"हो."

"सापडली असती तर?"

"वाळा कापला असता काकी. लस थोडीच निघाली असती?"

ती आधी रडली. मग रडता रडता हसायला लागली, आणि मीही. माझी जाऊ फावडं घेऊन दारात उभी होती, तिला वाटलं आम्हा दोघींना काहीतरी झालं.

पुढचे पंधरा दिवस मी रोज सकाळी खुराडं उघडताना देवाचं नाव घेत होते. कोंबड्या एकेक करून बाहेर पडायच्या आणि मी पाय मोजायचे, हिरवा, हिरवा, पिवळा, हिरवा. घरोघर तेच चाललं होतं. पलीकडच्या पाड्यावरून मेलेल्या कोंबड्यांच्या बातम्या येत राहिल्या. आमच्याकडे एक वाळेवाली गेली, ती मुंगसाने नेली. तिच्या मालकिणीने मुंगसाला शिव्या देताना सगळ्यांना दहादा बजावलं की मानमोडीत हिला धरायचं नाही.

रोगाचा भर ओसरल्यावर डॉक्टर आले. अंगणवाडीपासून शेवटच्या घरापर्यंत चालत गेले, प्रत्येक अंगणात थांबले. परत आले तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

"ताई, बठ्ठ्या शेतस."

"बठ्ठ्या," मी म्हटलं.

"मन्ही नोकरी व्हयनी एवढी, पन असं मी देखेल नही." आणि तो माणूस, जो कुठेच दोन घोटांच्या वर चहा घेत नसे, त्या दिवशी पाच घरी बसून चहा प्यायला.

मला मात्र सगळ्यांत मोठा दिवस वाटतो तो त्यानंतरचा रविवार. प्रार्थनेहून बायका परत आल्या. माझी सासू त्यांची वाट बघत आमच्या अंगणात बसली होती, बाकीच्या घरांतल्याही जमल्या होत्या. मला वाटलं वाळे फिरवून बघायचे असतील. तर प्रत्येकीच्या काखेत एकेक कोंबडी. कुणाची लाल, कुणाची कवडी, कुणाची राखी. सगळ्या मिळून काकीच्या दारात गेल्या. माझी सासू सर्वांत पुढे. तिने आपली चांगली अंड्यावरची कोंबडी काकीच्या पडवीत सोडली आणि म्हणाली, "घे. बेडीसकट देते आहे."

तेरा घरांच्या तेरा कोंबड्या. काकी प्रत्येकीला हातात घेऊन तिचा वाळा फिरवून बघत होती. शेवटची कोंबडी खाली सोडली आणि तिने डोळे पुसून पहिला प्रश्न विचारला, "यांना पुढची लस कधी?"

पावसाळा सरल्यावर तालुक्याला बायकांचा मेळावा होता. मोठा मंडप, स्टेजवर साहेब लोक. डॉक्टरांनी आमचं नाव दिलं होतं. बोलायचं मी असं ठरलं होतं आणि कागदावर लिहूनही नेलं होतं. माझी पाळी आली तेव्हा माझ्या शेजारी बसलेली काकीच उठली. काखेत उघड्या मानेची, कारण तिला घरी ठेवून यायला काकी तयार नव्हती. माईक तिच्या तोंडाच्या वर राहिला. तिने माईककडे बघितलंसुद्धा नाही. आपल्या बोलीत, आपल्या अंगणातून शेजारणीला हाक मारावी तेवढ्या आवाजात ती बोलायला लागली.

"मी या बाईला शिव्या दिल्या," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "माझ्या सगळ्या कोंबड्या मेल्या. ही एक वाचली, कारण ही माझं ऐकत नव्हती." मंडपात हसू पसरलं. मग तिने कोंबडी वर उचलली आणि तिचा पाय पुढे धरला. "मी शाळेत गेले नाही. मला अक्षर येत नाही. पण हे मला वाचता येतं. हिरवा म्हणजे हिवाळ्यातली. पिवळा म्हणजे मोहाच्या दिवसांतली. काहीच नाही म्हणजे धरा हिला, आजच धरा."

ज्यांना आमची बोली येत होती त्या आधी हसल्या, मग त्यांनी शेजारच्यांना सांगितलं, आणि टाळ्या मंडपाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात राहिल्या. एका साहेबांनी वाकून विचारलं, ती काय म्हणाली. डॉक्टरांनी सांगितलं. साहेब उठून उभे राहिले. मी माझा कागद घडी करून पिशवीत ठेवला. त्यात यातलं एकही वाक्य नव्हतं.

मेळाव्यानंतर आठ दिवसांनी आमच्या अंगणात तीन पाड्यांवरच्या बायका येऊन बसल्या. कुणी दोन डोंगर चालून आलेल्या. मी नळी कापून दाखवत होते, चीर कशी द्यायची, पट्टी कुठून गुंडाळायची. दुपारपर्यंत माझ्या अंगठ्याला फोड आला. जावेने विळा माझ्या हातून घेतला आणि मला उठवलं. पलीकडे काकीने एका तरण्या बाईच्या हातात कोंबडी दिली होती आणि तिला शिकवत होती.

"घट्ट नको. ढिला पण नको. घाल. आता फिरव. फिरला?"

"फिरला."

"मग सोड तिला. दुसरी आण."

ती बाई दुसरी आणायला उठली. तिच्या मागे पंधरा-वीस जणी आपापली कोंबडी काखेत घेऊन रांगेत उभ्या होत्या. मी ओट्यावर बसले, पाय पसरले आणि त्या सबंध दुपारी मला कुणी काही विचारलं नाही.